बाशा तोंडाची गोळी

सव्वाआठची बस मी आजवर जितक्या वेळा पकडली, त्यातल्या निम्म्या वेळा पळत पकडली. सौंसरच्या स्टँडवर ती फार थांबत नाही. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते, आणि पेढ्याची चव जायच्या आत तिकडच्या नव्या कार्यालयातल्या बदलीचा कागद माझ्या हातात आला. तेव्हापासून रोजचं जाणं-येणं. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा दोघंच. मी निघाले की दिवसभर शेजारच्या काकू त्यांच्याकडे बघतात, पण सकाळ माझ्या वाट्याची, आणि आमच्या घरात सकाळच सगळ्यात वाईट असते.

बाबांना पार्किन्सन आहे. आधी उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासायला लागला, खडूची भुकटी चोळावी तसा. मग चाल आखडली, अक्षर बारीक झालं, आवाज खाली गेला आणि चेहरा हलेनासा झाला. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बांधून दिल्या. पहिली सकाळी सातला, दुसरी दुपारी बाराला, आणि तशाच पुढे दोन. गोळी लागू पडायला तास-पाऊण तास लागतो. ती लागू असेपर्यंत बाबांचे हात त्यांचे असतात. ओसरली की सगळं अंग पुन्हा आखडतं, आणि रात्रभरानंतरची सकाळ तर विचारूच नका.

ते रामाकोन्याच्या शाळेत मास्तर होते. सौंसरहून सायकलने जायचे, मला कॅरिअरवर बसवून, कारण मलाही त्यांनी त्याच शाळेत घातलं होतं. प्रार्थना झाली की ते रांगेतून फिरायचे. आधी दात, मग नखं. तोंडातून फक्त 'दाखव' एवढा एकच शब्द निघायचा. ज्याचं तोंड बासं, म्हणजे झोपून उठल्यावर धुतलेलं नाही, त्याची रवानगी हँडपंपावर. चौथीत असताना एकदा मीच तशी सापडले. त्यांनी मलाही सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात, 'जा, धुऊन ये' म्हटलं. त्या दिवशी परत येताना मी कॅरिअरवर बसून सौंसरपर्यंत एक शब्द बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं.

बाशा तोंडाने पाणीही प्यायचं नाही, हा कायदा आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे. आमच्या घरात त्यावर अपील नव्हतं. बाबांचे स्वतःचे दात बाभळीच्या दातणावर पोसलेले. सत्तरीतही ते फुटाणे फोडून खायचे आणि माझ्या दातांतली चांदी बघून मान हलवायचे. त्यामुळे गोळी सुरू झाली तेव्हा तिलाही तोच कायदा लागू झाला. आधी तोंड धुणं, मग गोळी. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मीही त्याच शाळेतली.

आता ती सकाळ कशी जायची ते सांगते. सहाला बाबांना उठवून नळाजवळच्या स्टुलावर बसवायचं. दातण हातात धरवेना म्हणून आता ब्रश. तो ब्रश नाकाला लागायचा, गालाला लागायचा, कधी हवेतच थांबायचा. पेस्टचा फेस हनुवटीवरून सदऱ्यावर. मी टॉवेल घेऊन उभी. एक डोळा त्यांच्याकडे, एक घड्याळाकडे. डबा भरायचा, काकूंसाठी वरण काढून ठेवायचं, स्वतःची आंघोळ राहिलेली. पाच मिनिटं धीर धरायचे, सहाव्या मिनिटाला त्यांच्या हातातून ब्रश काढून घ्यायचे.

"द्या इकडे. मी करून देते."

ते हात सोडायचे नाहीत. बोटं सुटायचीच नाहीत खरं तर, पण मला तो हट्ट वाटायचा. मग ओढाताण व्हायची. वर्षभर आम्ही अशी भांडत-भांडत दिवसाची सुरुवात केली.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी त्यांचा गाल बाजूला करायला डाव्या हाताचं पहिलं बोट तोंडात घातलं आणि जबडा मिटला. उघडेचना. मी ओरडले. "बाबा, कुत्र्यावानी काऊन चावून राहिले तुम्ही?" असं म्हणाले मी. म्हणाले ते म्हणाले, आता लपवून काय करू. बोट सुटलं तेव्हा नखाखाली निळं झालं होतं. हळद लावली, चिंधी गुंडाळली आणि पळत बस पकडली. ऑफिसात सांगितलं, दारात सापडलं. संध्याकाळी काकूंनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं, बाबा तिथेच खाटेवर बसले होते. चार दिवसांनी चिंधी काढली आणि तो विषय माझ्यापुरता संपला. धावपळीच्या माणसाला तेवढं एक बरं असतं, दुखणं लक्षात ठेवायला सवड नसते.

थंडी वाढली तसं बाबांचं तोंड उघडणं कमी कमी होत गेलं. ब्रश ओठांना लावला की दात घट्ट. दाढांपर्यंत पोहोचायचं तर प्रश्नच नव्हता, पुढचे चार दात घासले तरी मी दिवस जिंकल्यासारखं मानायची. जेवणही आटलं. ज्वारीची भाकरी सोडली, मग दुधात कुस्करलेली पोळी, मग नुसतं वरण. फेब्रुवारीत काकूंच्या मळ्यातली संत्री आली. बाबा म्हणजे संत्र्यावर जीव टाकणारा माणूस, पण एक फोड गालात धरून तासभर बसले. गिळली नाही, थुंकली नाही. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली. तोंडाला वास यायला लागला. ज्या माणसाने अख्ख्या गावाची तोंडं तपासली, त्याच्या जवळ बसायला मला, त्याच्या मुलीला, नकोसं वाटायला लागलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

त्यात आणखी एक सुरू झालं. मी ब्रश घेऊन समोर बसले की ते आधी माझा हात मागायचे.

"दाखव."

मी हात पुढे करायची. ते थरथरत्या हातात माझी बोटं धरून एकेक नख बघायचे. फार सावकाश. मग हात सोडून तोंड मिटून मान फिरवायचे. पहिल्यांदा मला हसू आलं. चौथ्या-पाचव्या दिवशी हसू गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पुढे कधीतरी मनावरही परिणाम होऊ शकतो. मला वाटलं, झालं सुरू. बाबा शाळेत गेले. मला रांगेत उभी करून राहिलेत.

"नखं साफ आहेत मास्तर, आता तुमचे दात दाखवा," मी एकदा चिडून म्हणाले. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या चेहऱ्यावरून तसंही काही कळत नाही.

माणूस खातच नसेल तर किती दिवस काढणार, हा एक हिशोब मला बसमध्ये, फाइल उघडताना, कुठेही सुचायचा. शेवटी पांढुर्ण्यात ऑफिसच्या वाटेवर एक दातांची डॉक्टर होती, तिची वेळ घेतली. साडेअकराची. रजा टाकली, गाडी सांगितली आणि बाबांना घेऊन गेले. डॉक्टर वयाने माझ्या भाचीएवढी. तिने खुर्ची मागे कलती केली तसं बाबांना ठसका लागला, लाळ घशात गेली. तिने लगेच खुर्ची सरळ केली.

"काकाजी, आ करा बरं."

काकाजींनी आ केलं नाही. तिने दोनदा सांगितलं, मी चारदा. माझा आवाज चढला तशी ती माझ्याकडे वळली.

"ताई, यांची गोळी कितीला असते?"

"सातला. मग बाराला."

"म्हणजे सातच्या गोळीचा असर आता उतरला असेल. आपण चुकीच्या वेळी बसलो. बाराची गोळी द्या, एक वाजता पुन्हा बसू."

दीड तास. मला वाट बघणं जमत नाही, ते माझ्या अंगातच नाही. बाबांना बाकावर बसवून बाराची गोळी दिली आणि मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले, चढले, पुन्हा उतरले. समोर ट्रकमध्ये संत्र्यांचे खोके चढत होते, ते मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिले. ऑफिसात फोन केला, तिथे माझं काही अडलेलं नव्हतं, त्याचाही राग आला. पाऊण वाजता आत गेले तर बाबांचा अंगठा थांबला होता. ते भिंतीवरचं दातांचं चित्र वाचत होते.

या वेळी त्यांनी तोंड अर्धं उघडलं. डॉक्टरने रबराचा एक छोटा ठोकळा काढला आणि दाढांच्या मध्ये बसवायला पुढे केला. बाबांनी तिचा हात थांबवला.

"हे कायले?"

"काकाजी, कधी कधी जबडा आपोआप मिटतो ना, तुमच्या हातात नसतं ते. हा मध्ये असला की कोणाचं बोट सापडत नाही."

त्यांनी तो ठोकळा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग परत दिला आणि पूर्ण तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, गोळी लागली.

खालची एक दाढ मुळाशी पोखरली होती. गालाच्या कोपऱ्यात आदल्या दिवशीच्या संत्र्याच्या फोडीची साल तशीच होती. डॉक्टरने ती चिमट्याने काढून माझ्यासमोर ट्रेमध्ये ठेवली. लाळ बाहेर गळते ती जास्त होते म्हणून नाही, गिळणं मंदावतं म्हणून, असं तिने समजावलं. आतून तोंड उलट कोरडं पडतं, त्यात औषधांनीही पडतं, आणि कोरड्या तोंडात कीड लवकर लागते. मग हात पुसता पुसता तिने सहज विचारलं.

"ब्रश कधी करता?"

"सहाला, उठल्या उठल्या."

"आणि गोळी सातला?"

"तोंड धुतल्यावर. बाशा तोंडाने ते घेत नाहीत."

"ताई, मग हात चालत नाहीत तेव्हा तुम्ही ब्रश करता, आणि हात चालायला लागले की तुम्ही बसमध्ये बसलेल्या असता."

वर्षभरात नागपूरला कितीदा गेलो. गोळी वेळेवर घेता का, असं प्रत्येक वेळी विचारलं गेलं आणि मी प्रत्येक वेळी अभिमानाने सांगितलं, बरोबर सातला. तोंड कधी धुता हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. गोळी नाही म्हणून हात नाही, हात नाही म्हणून तोंड धुणं नाही, तोंड धुतलं नाही म्हणून गोळी नाही. त्या चक्रात मी रोज त्यांच्याशी भांडत होते.

नागपूरच्या डॉक्टरांना विचारून सकाळची गोळी सातऐवजी सहाला द्यायचं ठरलं आणि पुढच्या आठवड्यात दाढ काढली, तीही गोळीनंतर तासाभराने. निघताना डॉक्टरने पुष्कळ सांगितलं. मऊ आणि लहान डोक्याचा ब्रश, मूठ जाड करा, पेस्ट वाटाण्याएवढी. तोंडभर पाण्याची चूळ द्यायची नाही, ठसका लागेल, पुढे वाकून नुसतं थुंकू द्यायचं. जेवण झालं की ओल्या फडक्याने गाल आतून पुसायचे, तेही गालाच्या बाजूने, बोट दातांच्या मध्ये कधी घालायचं नाही. मी हो हो म्हणत पर्समध्ये गाडीवाल्याचा नंबर शोधत होते.

घरी खरी लढाई पुढेच होती. सकाळी सहाला मी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन खाटेजवळ उभी राहिले.

"आधी गोळी, बाबा. मग तासाभराने दात."

"बाशा तोंडानं?"

"डॉक्टरनं सांगितलं."

"नाई."

दुसऱ्या दिवशीही नाई. तिसऱ्या दिवशी मी रागाने पेला आपटला आणि पाणी सांडलं. ते फडक्याने पुसताना मला एकदम शाळेचा हँडपंप आठवला. एप्रिलमध्ये तो आटायचा, कोरडा ठणठणीत.

"बाबा, उन्हाळ्यात हँडपंप आटला की तुम्ही आम्हाला ओल्या फडक्यानं तोंड पुसू द्यायचे. अन् पास करायचे."

ते विचारात पडले. विचारात पडायलाही त्यांना वेळ लागतो.

"थे उन्हाळ्यात," ते म्हणाले.

"मग समजा उन्हाळा आहे."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मी स्वच्छ फडकं ओलं केलं, त्यांचे दात आणि ओठ पुढूनच पुसले, आणि त्यांनी गोळी घेतली. सातला मी त्यांना नळाजवळ नेलं. अडगळीतल्या त्यांच्या जुन्या सायकलच्या मुठीचं रबर ब्रशच्या दांड्यावर चढवलं होतं. आत चिंधी भरून ते घट्ट केलं होतं. बाबांनी ती मूठ ओळखली, धरली, आणि स्वतःचे पुढचे दात स्वतः घासले. सदऱ्यावर एक थेंब नाही. मी तिथेच उभी राहून रडले, आणि तेही पटकन आटपलं कारण साडेसात होत आले होते. साहेबांना सांगून मी पुढची बस धरायला लागले, तरी घाई काही सुटली नाही.

दाढा घासणं माझ्याकडेच राहिलं, आणि 'दाखव'ही राहिलं. गोळी लागलेली असो, हात मोकळे असोत, ते माझी बोटं बघितल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत, आणि उघडलं तरी जेमतेम. दाढांपर्यंत ब्रश जायचा नाही. डॉक्टरने दोनदा बजावलं होतं की मागच्या दाढा राहिल्या तर आणखी एक दाढ जाईल, आणि मग चावायचं कशाने? मी गोड बोलून बघितलं, डोळे वटारून बघितलं. शाळेचं वेड समजून मी रविवारी नखं कापून तपासणीची तयारीही करायला लागले.

उन्हाळा सरत आला होता. एका रविवारी नखं कापली. सोमवारी सातला बाबांसमोर बसले.

"दाखव."

दोन्ही हात पुढे केले. उजवा त्यांनी बघितलाच नाही. मला तेव्हा लक्षात आलं की उजवा ते कधीच बघत नव्हते. डाव्या हाताचं पहिलं बोट धरलं, खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि नखावरून अंगठा फिरवला.

"गेलं," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"काळं."

मी बोटाकडे बघितलं. आदल्या दिवशी कापलेल्या तुकड्याबरोबर काळ्या डागाची शेवटची कड निघून गेली होती. नखाखालचं निळं काळं झालं होतं आणि सहा महिने हळूहळू वर सरकत होतं. ते माझ्या हातावर होतं, आणि मी बघितलं नव्हतं.

गोळीचा चांगला तास होता. आवाज बारीक पण स्पष्ट आला.

"मले वाटलं तुयं बोट तोडलं मी. तू दारात सापडलं म्हणून सांगून राहिली होती सगळ्याईले." ते थांबले, लाळ गिळली. "जबड्याचा काई भरोसा नाई, बाई. म्हणून उघडत नोहतो."

ते शाळेत वगैरे कुठे गेले नव्हते. ते इथेच होते, माझ्यासमोर, आणि रोज माझी जखम तपासत होते. दाढ कुजवून घेतली, त्यापायी उपाशी राहिले, पण माझं बोट पुन्हा दातांखाली येऊ दिलं नाही. मी काय म्हणाले होते ते मला त्या क्षणी शब्दन् शब्द ऐकू आलं.

"बाबा, मी तुम्हाला कुत्रा म्हणाली होती."

"हाव," ते म्हणाले. "चावलो होतो ना."

बाहेर बसचा हॉर्न वाजला की काय ते मला सांगता येणार नाही. फडक्याची जाड घडी करून मी त्यांना दाखवली, ही मध्ये ठेवते म्हणाले, बोट आत घालत नाही. त्यांनी मान हलवली. मग कोणी न सांगता त्यांनी तोंड उघडलं, पार मागच्या दाढांपर्यंत.